साडेतीन फेऱ्या

शिरवण्याच्या मासळीवाल्या येसूबाईंचं कॅन्सर झालेलं जठर काढून दोनच दिवस झाले होते. तरी दुपारी फिजिओथेरपिस्ट वैदेही वॉर्डच्या दारात हजर झाली. "मावशी, आज कॉरिडॉरच्या चार फेऱ्या. चाललात की छातीत कफ साठत नाही, लवकर घरी जाता येतं."

दोन फेऱ्या कशाबशा झाल्या. मग येसूबाई भिंतीलगतच्या बाकावर बसल्या, त्या उठेनात. सून अर्पिता सलाईनचा स्टँड धरून उभी होती.

"आई, थोडंच राहिलंय."

"जल्मभर डोक्यावर म्हावऱ्याची पाटी घेऊन चालले. आता पोट कापलंय, तरी बसू देनार नाय का?"

अर्पिताने वैदेहीकडे पाहिलं. वैदेहीने समजूत घातली नाही. सकाळपासून हा तिचा नववा पेशंट, आणि प्रत्येकाला तिने हेच सांगितलं होतं. "बसू या पाच मिनिटं," म्हणत ती शेजारी टेकली आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला.

तिच्या मांडीवर पेशंटांची यादी होती. अजून बरीच नावं बाकी होती. येसूबाई त्या यादीकडे बघत राहिल्या.

"हिला उठवू नको," त्या सुनेला हळूच म्हणाल्या. खोकताना धरायला दिलेली उशी टाक्यांवर दाबून, कण्हत उभ्या राहिल्या. तिसरी फेरी फार हळू झाली. चौथीच्या अर्ध्यात पाय थरथरायला लागले, तशा त्या तिथेच एका खुर्चीवर बसल्या.

वैदेही दचकून जागी झाली आणि धावत आली. "सॉरी मावशी! किती झाल्या?"

"साडेतीन," येसूबाई म्हणाल्या. "तेवढंच लिव."

वैदेहीने तेवढंच लिहिलं.