कॅब्राची गुप्त मालगाडी

यामिनी आणि शैलेंद्र घर बघायला गेले तेव्हा एजंट मागच्या अंगणात उभा राहून गल्ली किती शांत आहे ते सांगत होता. वाक्याच्या मधेच भिंतीपलीकडून कंटेनरची मालगाडी गेली. तो थांबला, शेवटचा डबा जाईपर्यंत चेहरा हसरा ठेवला आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथून पुढे नेलं. शैलेंद्रला माणूस आवडला. घर घेतलं.

कॅब्रा ही डब्लिनची उत्तरेकडची वस्ती. पश्चिमेकडून येणारी रेल्वेलाइन शहराच्या पोटात न शिरता मोठ्या पार्कखालच्या बोगद्यात जाते, कॅब्रात घरांच्या मागे बाहेर पडते आणि शहराला वळसा घालून गोदीकडे निघते. सकाळ-संध्याकाळ नोकरदारांच्या गाड्या, मधल्या वेळात पश्चिमेच्या मेयो परगण्याकडचे कंटेनर. कॅब्रात स्टेशन नाही. गाड्या सगळ्या दिसतात, चढता एकीतही येत नाही.

शैलेंद्र ट्रामने शहराच्या दुसऱ्या टोकाला, चेरीवूडच्या ऑफिसात जायचा. यामिनी नागपुरात बँकेत होती. इथे अर्ज करून करून तिने तो नाद सोडला होता. तिची खरी तक्रार पिठाबद्दल होती. दुकानातल्या ज्वारीच्या पिठाची विरी केव्हाच गेलेली असायची, भाकरी थापायला घेतली की कडेने फाटायची. शेवटी तिने नागपूरहून बोटीने घरघंटी मागवली आणि जिन्याखालच्या जागेत, शेजारच्या भिंतीला लावून ठेवली. मग लुकन उपनगरातल्या मैत्रिणीला, माधवीला कळलं, माधवीकडून सगळ्यांना कळलं, आणि शैलेंद्र बाहेर पडला की यामिनीची दळणं सुरू होऊ लागली. बाजरी, भाजणी, कुणाचे मोदकांचे तांदूळ.

भिंतीच्या पलीकडे ब्रीडा राहायची. सत्तरी उलटलेली, नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. तिच्या जिन्यावरच्या भिंतीला तडा गेला होता आणि शेकोटीच्या वरच्या फळीवरची बाळ येशूची मूर्ती दर आठवड्याला थोडी थोडी सरकत भिंतीकडे तोंड करायची. ब्रीडा तिला परत सरळ करायची आणि मालगाडीला शिव्या द्यायची.

गल्लीत फिनबार नावाचा निवृत्त पोस्टमन होता. त्याने रेल्वेविरुद्ध समिती काढली. ब्रीडाने यामिनीला हाताला धरून बैठकीला नेलं. "तुझीही भिंत आहेच की," ती म्हणाली. यामिनीला गाड्यांचा काही त्रास नव्हता, पण तिथे चहा मिळायचा आणि कुणी तिला 'मूळची कुठली' असं विचारत नसे. ती दर वेळी जाऊ लागली.

फिनबारने इतकी पत्रं पाठवली की रेल्वेने नायल नावाच्या तरुण इंजिनियरला धाडलं. त्याने ब्रीडाच्या भिंतीला हादरे मोजायचं यंत्र लावलं. महिन्याभराने तो बैठकीत उभा राहिला आणि म्हणाला, मालगाडीचे हादरे फारच किरकोळ आहेत. मोठे हादरे वेगळेच आहेत. "ते रोज सकाळी उशिरा येतात. शनिवार-रविवार नाही, मंगळवारी नाही. आणि त्या वेळी लाइनवर एकही गाडी नसते."

"नसते असं तुम्ही म्हणता," फिनबार म्हणाला.

यामिनीच्या हातात बिस्किट होतं. मंगळवारी तिचा ड्रायव्हिंगचा क्लास असायचा.

"मधे एक आठवडा हादरे पूर्ण बंद होते," नायलने पुढे सांगितलं. तो आठवडा यामिनी आणि शैलेंद्रने शॅनन गावी मैत्रीण रेवतीकडे काढला होता. यामिनीने बिस्किट परत बशीत ठेवलं.

फिनबारचं मत एका रात्रीत पक्कं झालं. रेल्वे गुप्त मालगाडी चालवते आहे. काय असतं त्या गाडीत, हे तो सांगत नसे, नुसती मान हलवायचा. तो स्थानिक रेडिओवरही बोलला. मंगळवारी गाडी का येत नाही असं निवेदकाने विचारलं, तेव्हा "तेच तर संशयास्पद आहे," असं तो म्हणाला.

"आता काय करू?" यामिनीने शैलेंद्रला विचारलं.

"मशीन बंद ठेव आणि गप्प बस. आपोआप मिटेल."

तिने मशीन बंद ठेवली. हादरे थांबले. पण मिटलं काहीच नाही, कारण समितीने विजय जाहीर केला. फिनबारने पबमध्ये सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं की सामान्य माणसांपुढे रेल्वे झुकली, गुप्त गाडी बंद झाली. ब्रीडा यामिनीसाठी घरी केलेला केक घेऊन आली. यामिनीने एक तुकडा खाऊन बाकीचा झाकून ठेवला. तिकडे माधवीचे फोन सुरू होते. "अगं, भाजणी कधी देतेस? घरचे मला विचारतायत."

एक दिवस गल्लीत नायल दिसला. यंत्र काढायला आला होता. चेहरा उतरलेला.

"रेडिओनंतर वरच्यांनी मला सगळ्या सिग्नलच्या नोंदी पुन्हा तपासायला लावल्या," तो म्हणाला. "गाडी नव्हतीच. पण हादरे होते. आता त्यांना वाटतंय, मला यंत्रच लावता येत नाही."

आतापर्यंत यामिनीला वाटत होतं की यात कुणाचं नुकसान नाही. ती म्हणाली, "आत या. तुमची गाडी दाखवते."

तिने जिन्याखालचा पडदा सारला, वाटीभर बाजरी टाकली आणि बटण दाबलं. नायलने जमिनीवर हात ठेवला, मग भिंतीवर ठेवला. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं की यामिनीला ओशाळल्यासारखं झालं.

"खाली लाकडाची जमीन, त्यात भिंतीला टेकवलेली," तो म्हणाला. "हादरणारच." व्हॅनमधून त्याने जाड रबराच्या पट्ट्या आणल्या, घरघंटीच्या पायांखाली सरकवल्या, ती भिंतीपासून हातभर पुढे ओढली आणि पुन्हा मोजलं. यंत्रावर जवळजवळ काहीच उमटलं नाही. ब्रीडाच्या भिंतीचा तडा जुना असल्याचंही त्याने सांगितलं. घर बांधल्यानंतर जमीन बसते, त्याचा.

यामिनी तशीच शेजारी गेली आणि ब्रीडाला सगळं सांगून टाकलं.

"ते घुर्र घुर्र तुझं होय? मला वाटायचं तू कपडे शिवतेस."

"आवाजाचा त्रास व्हायचा?"

"छे. घरात कुणीतरी आहे असं वाटायचं. हल्ली बंद झालं, तर मला वाटलं तू आजारी आहेस. म्हणून तर केक आणला." मग ती म्हणाली, "फिनबारला मात्र सांगू नकोस. पोस्ट सुटल्यापासून तो पहिल्यांदाच काहीतरी जिंकलाय."

यामिनीने कबूल केलं. पण ब्रीडाच्या पोटात काही राहत नसे. दोनच दिवसांत फिनबार दारात उभा राहिला. टोपी हातात.

"बघू," तो म्हणाला.

यामिनीने पडदा सारला. फिनबार वाकला, चारी बाजूंनी बघितलं, झाकण उघडून आत डोकावला.

"हीच?"

"हीच."

"मला वाटलं होतं, मोठी असेल."

तो जिन्याच्या पायरीवर बसला. यामिनीने चहा टाकला. ती म्हणाली, "चूक माझी आहे. बुधवारच्या बैठकीत मीच उभी राहून सगळ्यांना सांगते."

फिनबारने चहा संपवला. "नाही. रेडिओवर मी बोललो होतो. अध्यक्ष मी आहे. मीच सांगणार."

तरीही यामिनीने आठवडाभर बसून इंग्रजीत माफीचं भाषण बसवलं. न जाणो, लोक भडकले तर. बुधवारी ती ब्रीडाशेजारी बसली. फिनबारने नायलचा अहवाल वाचला: हादऱ्यांचं कारण सापडलं असून ते दूर करण्यात आलं आहे. टाळ्या पडल्या. मग कॅब्रात स्टेशन हवं, यावर तासभर चर्चा झाली आणि भांडणंही झाली. शेवटी सगळे उठले, कोट चढवू लागले, खुर्च्या सरकवू लागले, तेव्हा फिनबार कागद आवरता आवरता म्हणाला, "आणि हो, ती गाडी म्हणजे यामिनीची पिठाची चक्की होती. आता दुरुस्त झाली आहे."

एक जण बाही शोधत होता. "ग्रँड," तो इथल्या पद्धतीने 'ठीक आहे' अशा अर्थी म्हणाला आणि बाहेर पडला. बाकीचेही त्याच्यामागून गेले.

यामिनी उभीच होती. आठवडाभराचं भाषण तोंडाशी आलेलं आणि ऐकायला कुणी नाही. शेवटी घरी परतताना फुटपाथवर तिने ते ब्रीडालाच म्हणून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ब्रीडाने सगळं ऐकलं, आणि एका ठिकाणी तिचं व्याकरण सुधारलं.