दोन स्टारचा जावई

आमच्या केस कापायच्या दुकानात महापौरापासून पास्टरपर्यंत कुणालाही शिव्या घाला, माझी हरकत नाही. कोलफॅक्सबद्दल मात्र वाकडा शब्द काढायचा नाही. सिनेमातला हिरो असला तरी तो आमचा माणूस आहे. दिवसा डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यात वेल्डिंग करतो आणि रात्री त्याच बत्तीने व्हॅम्पायर जाळतो. रंग आमच्यासारखाच काळा, बोलणं आमचं, आणि पहिल्या भागात तर तो आमच्याच रस्त्यावरून पळत गेला होता. माझं दुकान पडद्यावर डोळ्याचं पातं लवेपर्यंत दिसतं. तेवढ्यासाठी मी तो सिनेमा सात वेळा पाहिला.

दुसरा भाग शुक्रवारी लागला आणि त्याच सकाळी पेपरात परीक्षण आलं. चारपैकी दोन स्टार. खाली नाव कुणाचं? क्विन्टन हार्ग्रोवचं. दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीशी, रॉशेलशी, लग्न करायला निघालेला हाच तो क्विन्टन हार्ग्रोव.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पुढचं एक अक्षर न वाचता मी रॉशेलला फोन लावला.

"उद्या तुला हाताला धरून चर्चमध्ये कोण नेणार, ते बघून ठेव. माझं काही खरं नाही."

"डॅडी, एका सिनेमावरून?"

"सिनेमावरून नाही, माणसावरून. माझ्या टेबलावर बसतो तेव्हा सगळंच छान. माझे विनोद छान, माझा टाय छान, माझं करपलेलं मटणसुद्धा छान. आणि पेपरात बघ कसा डंख मारतो. ह्याच्या पोटात काय आणि ओठात काय, मला दोन वर्षांत कळलेलं नाही. अशाच्या हातात तुला देऊ?"

तिने फोन आपटला. मला वाईट वाटलं, पण मी बोललो ते खोटं नव्हतं. पोरीची आई गेल्यापासून मी तिला एकट्याने वाढवलं आहे. नुसत्या गोड बोलण्यावर तिला कुणाच्या हाती देणार नव्हतो.

अकरा वाजता जावईबापू स्वतःच दुकानात आले. लग्नाचे केस कापायला. डेट्रॉइटात माणूस बायको बदलेल, पण न्हावी बदलत नाही. मी त्याला खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड आवळलं आणि मशीन सुरू केलं.

"दोन स्टार काय?" मी म्हटलं.

"मिस्टर पेटवे, मी समजावून सांगतो..."

"कुठे पाहिलास रे सिनेमा?"

"पत्रकारांसाठी वेगळा खेळ असतो, सर. सकाळी दहाला. आम्ही आठ-नऊ जण होतो."

बाजूच्या बाकावर डीकन मॅबरी बसले होते. आमच्या चर्चचे जुने सेवक. त्यांना कापायला केस नाहीत, पण शुक्रवार चुकवत नाहीत. ते म्हणाले, "आठ-नऊ जण? आणि ओरडलं कुणी?"

"कुणी नाही. सगळे वहीत लिहीत होते."

"अरेरे," डीकन म्हणाले. "म्हणजे ह्याने सिनेमा पाहिलाच नाही, लॉनी."

तोवर त्याची डावी बाजू कापून झाली होती. मी मशीन बंद केलं आणि कापड सोडलं.

"झाले केस. दोन स्टारचे एवढेच होतात."

क्विन्टनने आरशात पाहिलं. डावी बाजू नवरदेवाची, उजवी बाजू झाडूची. पोरगा घाबरला, पण तक्रार केली नाही. ह्याच गोष्टीचा मला संताप यायचा.

"टोपी घाल," मी म्हटलं. "दीडच्या खेळाला आमच्याबरोबर बसायचं. मग सांगायचं किती स्टार. बाकीचं डोकं त्यावर अवलंबून आहे."

भर शुक्रवारी मी दुकानाला कुलूप लावलं आणि जेवढे होते तेवढे सगळे निघालो.

थिएटर खच्चून भरलं होतं. कोलफॅक्सने पहिला व्हॅम्पायर पेटवला तेव्हा बायका उठून उभ्या राहिल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "कोलफॅक्स, मागे बघ, बावळटा." त्याने मागे बघितलं, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. क्विन्टन टोपी सावरत पोट धरधरून हसत होता. मला वाटलं, आला ताळ्यावर.

मग कोलफॅक्सला विमानात घातलं आणि कुठल्यातरी युरोपातल्या किल्ल्यात नेलं. बर्फ, मेणबत्त्या, लांब झगे घातलेले गोरे व्हॅम्पायर एकमेकांना आपल्या घराण्याचा इतिहास सांगतायत. कारखाना नाही, गल्ली नाही, ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. मी नीट विचार करता यावा म्हणून जरा डोळे मिटले. उघडले तेव्हा दिवे लागले होते आणि डीकन मॅबरी माझा खांदा हलवत होते.

दुकानात परतलो तर रॉशेल दारातच उभी. क्विन्टनने टोपी काढली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

"डॅडी, उद्या फोटो आहेत."

"माहीत आहे. तो ठरवेल." मी त्याला खुर्चीत बसवलं. "बोल. किती?"

त्याने आरशातल्या अर्ध्या डोक्याकडे पाहिलं, रॉशेलकडे पाहिलं. चार म्हणायला त्याचं काय जात होतं? मला वाटत होतं, म्हणणारच हा. म्हणाला असता तर केस मी कापले असते, पण चर्चमध्ये गेलो नसतो.

"दोनच, सर," तो म्हणाला. "लोकांना चार देईन. गर्दी फार मस्त होती. पण कोलफॅक्सला त्यांनी आपल्यातून उचलून नेलं. तिथे त्याला ओळखणारं कोण आहे? हेच लिहिलंय मी. तुम्ही वाचलंत का?"

मी कंगवा पुसायला घेतला.

"आणि किल्ल्यात गेल्यापासून तुम्ही झोपला होतात."

"मी विचार करत होतो."

"घोरत करत होतात, सर."

आधी डीकन मॅबरी फुटले, मग सगळं दुकान. रॉशेलही हसत होती, डोळे पुसत. दोन वर्षांत हा पोरगा मला पहिल्यांदा उलटून बोलला होता आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. मी मशीन उचललं आणि उजवी बाजू कापली, कपाळावरची रेघ वस्तऱ्याने काढली, मान साफ केली, जीव ओतून. मग हातातला आरसा त्याच्यासमोर धरला.

"कसे झालेत?"

त्याने मान इकडे फिरवली, तिकडे फिरवली.

"साडेतीन."

रॉशेल पुटपुटली, "क्विन्टन, गप्प बस ना रे."

"अर्धा कुठे गेला?" मी विचारलं.

"उजवा कल्ला जरासा वर गेलाय, सर. डावा खाली आहे."

मी खुर्ची उजेडाकडे वळवली आणि वाकून बघितलं. बरोबर होता पोरगा. मी डावाही तेवढाच वर घेतला. कापड झटकलं आणि रॉशेलला म्हटलं, "उद्या वेळेवर तयार हो. मी न्यायला येतोय."

लग्न शनिवारी लागलं. मुलगी मात्र मी शुक्रवारीच देऊन टाकली होती.