ठकूचे दोन दात

या, जरा जवळ सरका. पाय मोकळे सोडून बसा. एक हकिगत सांगते. देवाचं नाव घेऊनच सांगते, कारण हिच्यात वाईट माणूस कुणीच नाही, आणि तरी व्हायचं ते झालं.

दोघी सख्ख्या जावा. थोरलीच्या स्वयंपाकघरात खिडकीखाली एक टेबल होतं. त्यावर लहानशी ऐरण, कानशी, चिमटे आणि डाग द्यायला, म्हणजे धातूचे सांधे जोडायला, गॅसची बत्ती. तांब्याची, पितळेची, चांदीची लॉकेटं थोरली घडवी, धाकटी त्यांच्या साखळ्या जोडी. धाकटीचं तोंड कानशीपेक्षा जास्त चालतं, असं थोरली म्हणे. आणि ताई चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतात, असं धाकटी.

एके सकाळी गल्लीतली शिवणकाम करणारी बाई आली. रुमालातून तिने चांदीचा एक छोटा चमचा काढला. तिची मुलगी ठकू दहा महिन्यांची असताना तापाने गेली होती. चमच्याच्या वाटीच्या पातळ कडेवर ठकूच्या दातांच्या दोन बारीक खुणा होत्या, एक सरळ, एक किंचित तिरपी. बाईने नेमक्या त्या जागी लाल दोरा बांधून आणला होता. दांडा कापा, वाटीला कडी लावा, गळ्यात घालीन, एवढंच तिचं म्हणणं. फक्त दोऱ्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "ताई, इथे हात लावू नका."

थोरलीने दांडा कापला. कडीला डाग द्यायचा तर दोरा जळणार, म्हणून तो सोडून बाजूला ठेवला. डाग छान बसला. चांदी काळवंडली, ती नेहमीच काळवंडते. मग कानस, मग पॉलिशचा कागद, मग फडकं. वीस वर्षं तेच करत आलेला हात, त्याला काही सांगावं लागत नाही. वाटी लख्ख झाली, तिच्यात तिला आपला चेहरा दिसला, आणि मग शेजारी पडलेला लाल दोरा दिसला. कडेवरच्या दोन्ही खुणा घासल्या गेल्या होत्या.

ती स्टुलावरून उठलीच नाही. चहा निवून गेला.

धाकटीने काय झालं ते विचारलं नाही, तिला बघूनच कळलं. चांदीच्या एका तुकड्यावर तिने टोच्याने दोन ठोके मारले आणि पुढे धरला. एक सरळ, एक तिरपा, हुबेहूब. आईच्यासुद्धा लक्षात येणार नाही, म्हणाली, उगाच तिच्या दुःखात भर कशाला? मोह झाला थोरलीला, खोटं का सांगू. बाईचं त्यातच भलं आहे, असंही वाटून गेलं. शेवटी तिने टोच्या खणात टाकला.

"चावली ती पोर होती. तू नाही, मी नाही."

"मग सांगणार काय?"

"झालं ते."

दुपारी ती स्वतःच शिवणकामवालीकडे गेली. मशीन थांबलं. थोरलीने आधी सगळं सांगितलं आणि मगच लॉकेट हातात ठेवलं. बाईने कडेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. रागावली असती तर सोसलं असतं. पण तिने समोरच्या कापडाची घडी घातली, मोडली, परत घातली.

"तुम्ही बघितले होते ना ते? नीट?"

"बघितले होते."

"कसे होते?"

"एक सरळ. दुसरा जरा डावीकडे झुकलेला."

बाईने मान हलवली. "तो तिरपा आधी आला होता. आठवडाभर किरकिर चालली होती त्याच्यापायी. घरात कुणाला ते आठवतही नाही. आता तुम्ही नि मी."

लॉकेट तसंच गुळगुळीत, तिने गळ्यात घातलं आणि मशीन सुरू केलं. माफ केलं की नाही, ते ती बोलली नाही. थोरलीनेही विचारलं नाही.

पुढे थोरली ही हकिगत जो भेटेल त्याला सांगे, स्वतःची चूक जराही न लपवता. मला तिनेच सांगितली. ती आता नाही, आणि शिवणकामवालीला हल्ली माणसंही ओळखू येत नाहीत. म्हणून तुम्हाला जवळ बोलावलं. हात जोडून एवढंच मागते, देवापुढे बसाल तेव्हा ठकूची आठवण काढा. दोन दात आले होते तिला. तिरपा आधी.