फळीवर उगवलेली कमान

रविवारी सकाळी लाँड्रीच्या वाळवणाच्या अंगणात शंभरेक माणसं जमली होती आणि सगळी खाली बघत होती. जमिनीवर दोन कागद ठेवले होते. एकावर शाईत उमटलेलं सपाट पाऊल, विटेसारखं. दुसऱ्यावर त्याच बाईचं, लाकडी फळीवर उभं राहून उमटवलेलं पाऊल, पण आतल्या बाजूला सुरेख खोलगट वळण घेतलेलं. दोन्हींत अंतर फक्त पाच मिनिटांचं.

"उगवली! कमान उगवली!" कुणीतरी ओरडलं आणि पाय बरे करून देणाऱ्या फळीबाबासमोर रांग लागली.

लाँड्रीत काम करणाऱ्या या बायका मूर्ख नव्हेत. लाँड्रीतली फरशी दिवसभर ओली असते, चपला घसरतात, म्हणून सगळ्या अनवाणी काम करतात. ओल्या पावलांवरून चादरींच्या यंत्राकडे कोण गेलं आणि चहाला कोण सटकलं हे त्या न चुकता सांगतात. पाऊल खोटं बोलत नाही, अशी त्यांची वीस वर्षांची खात्री. बाबाने नेमकी तीच हेरली होती.

"पावलात हाडं किती? सव्वीस!" बाबा गरजला. "प्रत्येक हाडाला एक दार. दारं बंद पडली की कमान खचते. या फळीवर उभं राहा. डोळे मिटा, तोंड आकाशाकडे. अंगठा वर ओढला जातोय ना?"

"हो बाबा!"

"मी हात लावलाय?"

"नाही बाबा!"

"मग कोण ओढतंय?"

इथे गर्दीतून एक हुंदका ठरलेला. सव्वीसचा आकडा मात्र खरा होता. तेवढा एक खरा आकडा पाठ करून त्याने बाकीचं सगळं लोकांच्या गळी उतरवलं.

मी वाकड्या, खचलेल्या पायांसाठी बूट बनवतो. तीस वर्षं पावलांचे ठसे घेतोय, त्यामुळे हा तमाशा बघून माझं डोकं फिरलं होतंच. पण मी तिथे आलो होतो माझ्या धाकट्या बहिणीसाठी. ती याच लाँड्रीत इस्त्री करते. तिला मधुमेह आहे. महिन्यापूर्वी तिचा डावा पाय सुजला, तांबडा झाला, उजव्यापेक्षा गरम लागायला लागला. दुखत मात्र नव्हता. डॉक्टरबाईंनी प्लास्टर घातलं आणि तीन महिने पाय टेकायचा नाही असं बजावलं.

"तुमच्या नसा बधिर झाल्यात," त्या म्हणाल्या होत्या. "पावलाच्या मधल्या सांध्यांची हाडं मऊ पडलीत. चाललात तर कमान कोसळेल, आणि तुम्हाला कळणारही नाही."

तिसऱ्या आठवड्यात ती बाबाकडे गेली. बाबाने प्लास्टर कापायला लावलं आणि फळीवर तिच्या ठशात नखाएवढी पोकळी दिसली. बाकीची कमान श्रद्धेने उगवेल, असं त्याने सांगितलं. आता ती रांगेतून माझ्याकडे चालत आली, हसत.

"दादा, बघ ना! चालतेय मी. जराही दुखत नाही."

"अगं बाई, दुखत नाही हाच तर तुझा आजार आहे!"

तिने तोंड फिरवलं. मग मी पुढे घुसलो. माझे पाय जन्मापासून सपाट आहेत. साध्या जमिनीवर ठसा दिला, सपाट. फळीवर चढलो, पण डोळे मिटले नाहीत; ठशात कमान उमटली आणि अंगठ्याखाली फळी उंच दिसली. उतरलो आणि फळीवरचं चिकटवलेलं कापड चाकूने उचकटलं. आत पुढच्या टोकाला लाकडाचा उतरता तुकडा ठोकला होता, बरोब्बर अंगठ्याच्या जागी.

"आता बाबा नको, फळी नको," मी म्हणालो. दोरीवरचे कपड्यांचे दोन चिमटे काढले, अंगठ्याखाली सारले आणि नव्या कागदावर उभा राहिलो. कमान आली. चिमटे काढले, कमान गेली. पुन्हा ठेवले, पुन्हा आली.

मी समजावून सांगितलं. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो. अंगठा वर उचलला की तो पट्टा अंगठ्याच्या मुळाच्या सांध्याभोवती ओढला जातो, ताणला जातो, आणि टाच नि बोटं जवळ येऊन मधला भाग उंचावतो. अंगठा खाली आला की सगळं होतं तसं. यात बरं कुणीच होत नाही.

बायका वाकून चिमट्यांकडे बघू लागल्या. मला वाटलं, पटलं. तेवढ्यात चादरी घड्या करणारी एक आजी हात जोडून म्हणाली, "बघा बाई, बाबांची शक्ती! भांडायला आलेल्याच्या पायातसुद्धा कमान उगवली!"

बाबा तयारीचा गडी. "मी कुठे म्हटलं मी करतो? अंगठाच करतो," तो हसत म्हणाला. टाळ्या पडल्या. रांग पुन्हा लागली आणि माझी बहीण तिच्यात जाऊन उभी राहिली.

पाच आठवडे मी हातापाया पडलो. तळव्याला जखम होऊन वास यायला लागला तेव्हा ती दवाखान्यात आली. एक्स-रेत हाडं जागा सोडून खाली आली होती. जिथे कमान असायची तिथे तळवा होडीच्या बुडासारखा फुगला होता आणि त्या फुगवट्यावरच जखम हाडापर्यंत गेली होती. पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

शुद्धीवर आल्यावर ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"त्या दिवशी तू फळी उचकटलीस ना दादा, तेव्हा माझ्या मनात शंका आली. तिथेच सगळं बिघडलं."

मी हात टेकले. शंका आली होती तर दवाखान्यात यायचं होतं गं, असं म्हणावंसं वाटलं.

तरीही लिहून ठेवतो. घरात कुणाला मधुमेह असेल तर रोज दोन्ही पावलांना हात लावून बघा. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम आणि सुजलेलं लागलं, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि तोवर पाय टेकू नका. दुखत नाही म्हणजे बरं झालं, असं नाही. आणि कुणी डोळे मिटायला सांगून काही दाखवत असेल, तर ते उघडेच ठेवा.

मी बहिणीकडे दर आठवड्याला जातो. तिचा उजवा पाय गेले काही दिवस सुजल्यासारखा दिसतोय. गरम लागतो का ते मला माहीत नाही. ती मला हात लावू देत नाही. बाबा नको म्हणालाय.