उभी राहून केले

लाकडी चांदणी तिने फळीवरच्या त्रिकोणाच्या खाचेवर ठेवली, त्रिकोण चौकोनाच्या आणि चौकोन वर्तुळाच्या. मग हात मांडीवर ठेवून ती माझ्याकडे बघत बसली. दहापैकी दहा ठोकळे चुकीच्या जागी.

"झालं?" मी विचारलं.

"मला येत नाही," कावेरी म्हणाली.

मी घड्याळ थांबवलं. अकरा वर्षांची मुलगी. वर्गात पहिली यायची, पण सहा महिन्यांपासून वही कोरी ठेवून बसायची. म्हणून शाळेच्या बाईंनी चिठ्ठी देऊन पाठवलेली. आईवडील नव्हते. चामराजपेटेत काकाकडे राहायची. काका नागोजी घरातल्या बायकापोरांकडून उदबत्त्या वळून घ्यायचा.

साल एकोणीसशे एकोणसाठ. परदेशात शिकून आल्यावर कानडी मुलखातल्या एका इस्पितळात दर बुधवारी मुलांच्या मनोविकारांचा दवाखाना मी सुरू केला होता. पालकांना बाहेर बसवायचं, मुलाशी त्याच्या घरच्या भाषेत दोनचार शब्द बोलायचे आणि मग त्याचे हात बघत राहायचं, ही माझी पद्धत. तोंड खोटं बोलतं, हात बोलत नाहीत, असं मी विद्यार्थ्यांना सांगायचो. माणसांशी बोलायला बिचकणाऱ्या डॉक्टरला ही पद्धत सोयीची होती, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नाही.

कावेरीची बोटं उदबत्त्यांच्या कोळशाच्या लगद्याने काळी पडली होती, पण हातांवर साधा ओरखडाही नव्हता. मी लिहिलं : मारहाणीच्या खुणा नाहीत.

मग मी पुन्हा फळीकडे पाहिलं. बुद्धीने कमी असलेलं मूल चाचपडतं, एखादा ठोकळा तरी चुकून बरोबर बसवतं. हिने प्रत्येक ठोकळा त्याच्या शेजारच्या खाचेवर ठेवला होता. एकही बरोबर येऊ द्यायचा नसेल, तर सगळे यावे लागतात.

"तुला येतं," मी म्हणालो. "मुद्दाम का चुकलीस?"

तिने दाराकडे पाहिलं. "बाहेर त्या यल्लव्वाअक्का आहेत ना, आया, त्या म्हणाल्या, ज्यांना हे येत नाही त्यांना इथं ठेवून घेतात." मग घाईघाईने म्हणाली, "ठेवून घ्या ना, अण्णा. मी स्वल्पच जेवते."

का, असं कुणीही विचारलं असतं. मला मात्र शोध लागल्याचा आनंद झाला होता. मी दार उघडून नागोजीला आत घेतलं.

"तुमची पुतणी फार हुशार आहे," मी म्हणालो. "इथं राहायला मिळावं म्हणून मुद्दाम चुकत होती."

नागोजी मनापासून हसला. "बघा! आम्ही अंगारे लावतोय, आणि ही बया नाटक करतीय! म्हणजे कामाला धड आहे ना, डॉक्टरअण्णा?"

"अगदी धड."

"सरी, ठीक आहे. चला, पंडितीणबाई."

चार आठवड्यांनी तिला पुन्हा आणा, असं मी सांगितलं. ते तिच्यासाठी नव्हतं. मला निबंध लिहायचा होता आणि त्यात ठोकळे बसवायची तिची खरी वेळ हवी होती. तो निबंध पुढे दिल्लीच्या परिषदेत वाचला गेला. माझी बढती त्यावरच झाली.

चार आठवड्यांनी ती आली.

"बस," मी म्हणालो.

"नको."

उभ्यानेच तिने ठोकळे उचलले. सतरा सेकंद. दहाही बरोबर. इतक्या वेगाने माझ्याकडे कुणीच केलं नव्हतं. मी शाबास म्हणालो.

"आता चुकले नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "आता ठेवून घेता?"

शहाणी मुलं आपापल्या घरीच राहतात, असं मी तिला समजावून सांगितलं, अगदी सोप्या शब्दांत. तिने मान हलवली. नागोजीने दारातूनच हात जोडले. "आता नाही चुकायची, अण्णा. चांगलं समजावलंय."

ते गेल्यावर मी शेरा लिहिला : उभी राहून केले. उत्साही.

यल्लव्वा फरशी पुसायला आत आली. "बसली का नाही, विचारलंत?" ती कानडीत म्हणाली. "मघाशी मोरीवर नेलं होतं तिला. मागं, मांड्यांवर, सगळीकडं डाग आहेत. पेटत्या उदबत्तीचे. ओळीनं, एकाशेजारी एक." तिने फडकं पिळलं. "हात तेवढे राखलेत. बत्त्या हातांनी वळायच्या ना."

खिडकीतून फाटक दिसत होतं. नागोजी पुढे चालला होता. ती मागून, पाय फाकवून. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मोठ्याने हाक मारायची मला सवय नव्हती.

शेऱ्याची शाई अजून ओली होती. मी टीपकागद घेतला आणि ती नीट टिपली.