अकरा वाजता थरथरणारा हात

डोळे मिटा आणि एक लहानसं दुकान मनात आणा. दोन पलंग शेजारी शेजारी टाकले तर भरून जाईल, एवढंच. भिंतीवर घड्याळं, खणात घड्याळं, टेबलावर पोट उघडून पडलेली घड्याळं, आणि सगळी आपापल्या चालीनं बोलतायत. खिडकीपाशी एक उंच टेबल आहे. त्याच्याजवळ बसा. जरा सरकून बसा, कारण शेजारी भिंगरी बसली आहे.

भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे. एका जागी पाच मिनिटं टिकत नसे, म्हणून बाबांनी ठेवलेलं. पण सुट्टीतल्या त्या आठवड्यात ती सकाळभर बाबांच्या हाताकडे बघत गप्प बसे.

तिचे बाबा घड्याळजी. जुन्या मनगटी घड्याळाच्या पोटात एक आस असते, तिचं टोक केसाहून बारीक. ती बसवण्यात बाबांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण महिन्याभरात त्यांच्याच हातून अशा तीन आसा मोडल्या. हात थरथरायचा. डॉक्टरांनी तपासलं, रक्त पाहिलं, आजार काही निघाला नाही.

"वय झालं," बाबा म्हणाले. त्यांनी समोरच्या दुकानातल्या घड्याळजींना सांगून टाकलं, "सोमवारी येऊन बारीक हत्यारांची पेटी घेऊन जा. मी आता सेल बदलत बसेन."

हे समोरचे घड्याळजी चालताना इकडून तिकडे डोलत, म्हणून मुलं त्यांना लोलककाका म्हणत. पेटी मिळणार याचा त्यांना आनंद झाला नाही. "बघू सोमवारी," एवढंच म्हणून ते डोलत गेले.

आता घड्याळजींची एक सवय सांगतो. ते प्रत्येक गोष्टीची वेळ लिहितात. घड्याळ कधी उघडलं, कधी तेल दिलं, कधी बंद केलं, सगळं चिठ्ठीवर. शुक्रवारी भिंगरीनं मोडलेल्या तीन घड्याळांच्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी मांडल्या. दहा पन्नास. अकरा पाच. अकरा दहा.

"बाबा, तुमचं वय फक्त अकरा वाजता होतं का?"

"म्हणजे?"

"चार वाजता तुम्ही तरुण असता. काल चार वाजता दोन आसा बसवल्यात."

"चहाटळपणा पुरे," बाबा म्हणाले. पण चिठ्ठ्या त्यांनी दोनदा वाचल्या.

संध्याकाळी आत्या आली. ती दवाखान्याच्या स्वयंपाकघरात काम करते. कोणत्या रोग्याला काय वाढायचं ते ठरवते. भिंगरीनं तिच्यापुढे चिठ्ठ्या ठेवल्या.

"दादा, सकाळी काय खातोस?"

"चार टोस्ट. पांढऱ्या पावाचे, कोरडे, चहात बुडवून."

"चहात साखर किती?"

"तीन चमचे," भिंगरीनं चुगली केली.

"लोणी नाही, उसळ नाही, काहीच नाही?"

"कामावर बसायच्या आधी बोटाला ओशट लागता कामा नये," बाबा म्हणाले. "बोटाचा डाग घड्याळात गेला की धूळ धरते. आमच्या उस्तादांनी आयुष्यभर कोरडे टोस्ट खाल्ले. मीही तेच खातो."

"आणि अकराला भूक?"

"भूक कसली, टेबल चावून खावंसं वाटतं. मग बिस्किटं खातो, की जरा बरं वाटतं."

आत्यानं कोपऱ्यातलं एक मोडकं गजराचं घड्याळ उचललं. "हिला दाखव. यातला खटका काढला तर काय होईल?"

खटका म्हणजे दातेरी चाकाला अडवणारा छोटासा तुकडा. टिक झालं की तो एक दात सोडतो आणि पुढचा अडवतो. बाबांनी घड्याळाला पूर्ण चावी दिली, दांडा घालून चाक अडवलं आणि खटका काढला. मग दांडा सोडला. भर्रर्र आवाज झाला, काटे गरगर फिरले आणि सगळं गप्प.

"चावी दिवसभराची होती," भिंगरी म्हणाली, "आणि संपली लगेच."

"तुझ्या बाबांचा टोस्ट अगदी असाच," आत्या म्हणाली. "पांढरा पाव पोटात गेला की बघता बघता त्याची साखर होऊन रक्तात उतरते. एवढी साखर आली म्हटल्यावर शरीर ती आवरायला धावतं, आणि कधी कधी गरजेपेक्षा जास्त आवरतं. मग साखर घसरते. कुणाला पेंग येते, कुणाला चीड येते. दादाला इतकी वर्षं हे सोसलं, आता हात थरथरतो. शरीर म्हणतं, खायला दे. हा बिस्किटं देतो, म्हणजे पुन्हा तीच चावी."

"मग खटका असलेलं खाणं कुठलं?"

"त्याचा आकडा असतो. ग्लायसेमिक इंडेक्स म्हणतात. निव्वळ ग्लुकोज शंभर धरायचं आणि बाकीचं खाणं त्याच्या मानानं किती भराभर रक्तात उतरतं ते मोजायचं. पांढरा पाव सत्तरीच्या पुढे. उकडलेले हरभरे तिशीच्या आसपास. ते एक एक दात सोडत जातात."

बाबा मोडक्या घड्याळाकडे बघत राहिले. "बघू," ते म्हणाले.

शनिवारी भिंगरी पहाटेच उठली. घरात हरभरे नव्हते, पण फळं होती, आणि फळ चांगलं असतं हे तर सगळ्यांनाच माहीत आहे. तिनं सहा संत्री पिळून, गाळून, टोस्टऐवजी बाबांना मोठा पेला भरून दिला. पावणेअकराला बाबांनी स्वतःच चिमटा खाली ठेवला. हात मांडीखाली दाबून बसले.

तिनं आत्याला फोन लावला. "आत्या, तुझा आकडा चुकला. सहा संत्र्यांचा रस दिला, तरी बाबांचा हात थरथरला."

आत्या हसली. "सहा संत्री बाबांनी चावून खाल्ली असती का?"

"छे, दोनच."

"आणि चोथा कुठे गेला?"

"गाळून टाकला."

"मग खटका तूच टाकून दिलास, बाई."

रविवारी भिंगरीनं हरभरे आणून भिजत घातले. सोमवारी सकाळी ते उकडले, मीठ घातलं, सोबत एक सफरचंद ठेवलं, आणि चहात अर्धाच चमचा साखर टाकली. आत्याच्या सांगण्यावरून हरभऱ्यांवर थोडं तेलही सोडलं होतं.

बाबांनी वाडग्यात पाहिलं. "तेल आहे यात. बोटं ओशट होतील."

"बोटं कशाला? चमच्यानं खा."

बाबा थांबले. चाळीस वर्षं दुकानात बसले, पण हे कधी सुचलं नव्हतं. "दुकानात बावीस चिमटे आहेत," ते हळूच म्हणाले, "चमचा एकही नाही."

भिंगरीनं खिशातून चमचा काढला.

साडेदहा वाजले. भिंगरी टेबलाजवळ सरकली. अकरा वाजले, भिंतीवरची सगळी घड्याळं मागेपुढे ठोके देत सुटली, आणि बाबांनी मान वर केली नाही. डोळ्याला भिंग, चिमट्यात आस. ती खाली गेली, टेकली, बसली. बाबांनी चाकावर हलकी फुंकर मारली आणि चाक डुलायला लागलं.

"किती वाजले गं?" त्यांनी विचारलं.

चाळीस घड्याळांत बसून घड्याळजी वेळ विचारत होता. "सव्वाअकरा," भिंगरी म्हणाली. बाबांनी भिंग काढलं. आपला उजवा हात टेबलावर पसरून ते त्याच्याकडे बराच वेळ बघत बसले.

तेवढ्यात दार लोटून लोलककाका आत आले. "पेटी न्यायला आलो," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरलेला होता आणि कपाळाला आठ्या. "लवकर द्या, अंगात त्राण नाही. सकाळपासून नुसते टोस्ट..."

"पेटी राहू दे," बाबा म्हणाले. "एका दिवसावरून काही ठरत नाही. पण हा आठवडा बघू दे मला."

लोलककाका मटकन स्टुलावर बसले. त्यांना हायसं वाटलं की काय, कळलं नाही, पण हात मात्र गुडघ्यावर बारीक थरथरत होता.

भिंगरीनं तो हात पाहिला. तिनं वाडग्यात उरलेले हरभरे पाहिले. मग चमचा नळाखाली धुतला, पुसला, आणि वाडगा काकांपुढे सरकवला.