विहिरीवरच्या चौघी

वडील गेल्यावर तीन महिन्यांनी मी महाल भागातलं त्यांचं फोटोचं दुकान आवरायला घेतलं. काचेच्या जुन्या निगेटिव्हांनी भरलेले पत्र्याचे एकोणीस डबे निघाले. प्रत्येक काच खाकी पाकिटात, पाकिटावर गिऱ्हाइकाचं नाव आणि त्याखाली, फोटो हातात दिल्यावरच लिहिलेलं, "दिला" आणि ती तारीख. फोटो काढणं हे अर्धंच काम, असं वडील म्हणत. कोणी न्यायला आलं नाही तर सायकलवर टाकून घरी पोचवत. बदली झालेल्या एका मास्तरांचा फोटो द्यायला ते थेट कन्हानला गेले होते आणि मास्तरांनी तो बराच वेळ पाहून विचारलं होतं, "दत्तोपंत, माझे कान खरंच एवढे आहेत?" वडिलांनी हे आम्हाला जेवताना किती वेळा सांगितलं असेल, त्याची गणती नाही.

शेवटच्या डब्याच्या तळाशी मात्र एका पाकिटावर नाव नव्हतं. "विहीर. चौघी. द्यायचा आहे." एवढंच.

मला डार्करूमचं काम येत होतं. त्याच संध्याकाळी मी त्या काचेवरून एक प्रत काढली. विहिरीच्या दगडी कठड्याशी चार बायका उभ्या होत्या. चौघींची लुगडी पांढरी, कपाळं मोकळी. कोणीच कॅमेऱ्याकडे पाहत नव्हती. तिघी डावीकडे कुठेतरी बघत होत्या आणि चौथीनं तोंडावर पदर दाबला होता. मागे एक लांबलचक बांध, झाडं, आणि दूर गिरणीचं धुरांडं. धुरांड्याच्या उजव्या अंगाला, अगदी चिकटून, एका देवळाचा कळस.

पांढरी लुगडी आणि मोकळी कपाळं म्हणजे विधवा, हे मला वेगळं ठरवावंही लागलं नाही. चौथी रडत होती, हेही उघडच दिसत होतं. मलाच त्या दिवसांत रडू येत नव्हतं, त्यामुळे दुसऱ्याचं रडणं चटकन दिसे.

प्रश्न होता तो वडिलांचा. कन्हानला जाऊन फोटो देणाऱ्या माणसानं हा एकच का दिला नाही? आई त्यांच्याआधी सहा वर्षं गेलेली, त्यामुळे विचारायला कोणी नव्हतं. ते जिवंत असते तर मी विचारलंही नसतं कदाचित. पण आता त्यांच्याविषयी मला माहीत नसलेली एवढी एकच गोष्ट माझ्या हातात होती, आणि ती तशीच डब्यात परत ठेवणं मला जमेना. जागा सापडली तर बायका सापडतील, असं मी धरून चालले.

हे एकोणऐंशी सालचं. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते. पुढचे तीन आठवडे मी विधवांचे आश्रम शोधले. एका ठिकाणी विहीर होती, पण तिला कठडाच नव्हता. दुसऱ्या ठिकाणच्या व्यवस्थापिकाबाईंनी भिंग घेऊन फोटो पाहिला, या आमच्या नव्हेत म्हणाल्या आणि मलाच वर्गणीचं पुस्तक दाखवलं. नदीच्या घाटांवरच्या दोन विहिरी पाहून आले. कुठूनही धुरांडं त्या बाजूला येईना.

फोटो माझ्या टेबलावर काचेखाली असे. एका दुपारी रवींद्र पुस्तकांची यादी घेऊन आला. तो आमच्याकडेच सहायक होता, तिशीच्या आतला, कमी बोलणारा. त्यानं यादी ठेवली आणि फोटोवर वाकला. मी त्याला माझा शोध थोडक्यात सांगितला. तो ऐकत होता, पण त्याचे ओठ हसू आवरल्यासारखे हलत होते.

"ताई, तीन आठवडे तुम्ही आमच्या बायांना विधवा करून ठेवलं."

मला कळलं नाही.

"हा दसऱ्याचा फोटो आहे. छप्पनचा. आमच्या आईचं असंच पांढरं लुगडं अजून ट्रंकेत आहे. त्या दिवशी सगळ्यांच्याच अंगावर पांढरं होतं. आणि विहिरीवर तोंड धुतल्यावर कुंकू कुठलं राहतं? मी सहा वर्षांचा होतो, बाबांच्या खांद्यावर. मला वर बसून नुसती पांढरी डोकी दिसत होती आणि तहान लागली होती."

धम्मदीक्षेच्या त्या दिवशी मी चौदा वर्षांची होते. आमच्या दुकानावरच्या खिडकीतून सकाळपासून पांढऱ्या कपड्यांतली माणसं जाताना मी पाहिली होती. खेड्यांतून चालत आलेली, डोक्यावर गाठोडी असलेली. त्या दिवसाविषयी पुढे मी किती वाचलं होतं, ग्रंथालयात त्यावरची सगळी पुस्तकं मीच लावली होती. आणि फोटो हातात आल्यावर मला दिसलं काय, तर आमच्या घरातलं विधवांचं पांढरं.

त्याबरोबर आणखी एक आठवलं. दसऱ्याला आमच्याकडे कॅमेऱ्याची पूजा होई. आदल्या दिवशीच तो पुसून पाटावर ठेवत, झेंडूची माळ घालत, आणि दसरा उलटेपर्यंत त्याला कोणी हात लावत नसे. त्या वर्षी वडिलांनी भर दुपारी माळ काढून बाजूला ठेवली आणि कॅमेरा सायकलला बांधला. आईनं दारात उभं राहून विचारलं, उद्या काढता येणार नाहीत का फोटो? वडील म्हणाले होते, उद्या ही माणसं नसतील. त्या रात्री आई त्यांच्याशी बोलली नाही, आणि पुढेही बरेच दिवस.

आता माझ्या प्रश्नाला टोक आलं. घरात राग असताना हा फोटो पोचवायला कसं जायचं म्हणून वडील गप्प बसले का? की बायका न्यायला आल्या आणि वडिलांनी त्यांना, त्या कोण होत्या म्हणून, परत पाठवलं? मला ते खरं वाटत नव्हतं. पण खरं न वाटणं म्हणजे माहीत असणं नव्हे.

फोटोतला बांध पाहून रवींद्रनं सांगितलं की उमरेड-कुहीकडच्या खेड्यांतली माणसं सक्करदऱ्यावरून परतली असणार. रविवारी मी तिकडे गेले. मागचा बांध तिथल्या तलावाचा असू शकत होता. मी रस्त्यानं चालायची, दर शंभर पावलांवर थांबून मागे धुरांडं पाहायची. सुरुवातीला कळस त्याच्या डावीकडे, चांगला हातभर लांब दिसत होता. चालत गेले तसा तो सरकू लागला. एका वळणावर धुरांड्याआड गेला. मग मध्ये घरं आली आणि काहीच दिसेना. मी एका सायकल दुरुस्तीच्या दुकानासमोरच्या ओट्यावर चढून टाचा उंचावल्या. कळस उजव्या अंगाला होता. अगदी चिकटून.

"काय पाहून राहिल्या बाई? पतंग कटली काय?" खालून दुकानदारानं विचारलं. साठीचा माणूस, हातात ट्यूब. नाव देवाजी. मी त्याला फोटो दिला आणि ही विहीर इथे कुठे होती का, असं विचारलं.

त्यानं हात पुसले. फोटो पाहिला, मग माझ्या पायांकडे पाहिलं.

"तुमी तिच्यावरच तं उभ्या आहे."

बाग त्याच्या बापाची होती. नळ आले, बागेचे प्लॉट पडले, विहीर बुजवून वर ओटा बांधला. बापानं त्या दसऱ्याला दोन दिवस रहाटाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी काढून दिलं होतं. देवाजी ओट्याभोवती फिरून मला दाखवू लागला, कठडा इथून इथे, रहाट इथे, पेरूचं झाड तिथे. मी फोटोतल्या जागी उभी राहून वडील कुठे उभे असतील ते पाहत होते. आता तिथे पानाचा ठेला होता.

"अन् ही," देवाजीनं उजवीकडच्या बाईवर काळं बोट न टेकवता धरलं, "ही भागीरथा. कुहीची. इथंच बुधवारच्या बाजारात तांदूळ घेऊन बसते. भाव कमी नाही करत, सांगून ठेवतो."

बुधवारी रवींद्र म्हणाला, सोबत येऊ का? मी नको म्हटलं. वडिलांविषयी जे ऐकायला मिळेल ते मला एकटीनं ऐकायचं होतं.

भागीरथाबाई पन्नाशीच्या असाव्यात. समोर तांदळाची तीन पोती. मी महालातल्या फोटोच्या दुकानातून आले, दुकान चालवणारे आता नाहीत, असं सांगून मी फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला. शेजारच्या भाजीवालीनं मान वाकवून बघितलं तर तिला त्यांनी कोपरानंच मागे सारलं.

"मी," त्या म्हणाल्या. "हे रंभाबाई, माही जाऊ. हे तिची बहीण. अन् हे गोपिका."

गोपिका म्हणजे तोंडावर पदर दाबलेली. मी विचारलं, त्या रडत का होत्या?

"रडून कोण राहिलं? हासून राहिली थे. माहा नवरा तिकडं सायकल धरून उभा होता. त्याचं धोतर चेनमंदी अटकलं. काढाले गेला तं आणखीन गुतलं. फोटोवाला म्हणे, बाई इकडं पाहा, इकडं पाहा. कोण पाहाते त्याच्याकडं?"

त्या पुन्हा हसू लागल्या, तेवीस वर्षांनी, पोत्यांवर हात टेकून. मलाही हसू आलं. मग मी ज्यासाठी आले होते ते विचारलं. फोटो तुम्हाला का मिळाला नाही? दुकानदारानं नाही म्हटलं का?

"त्याची तं गाठच नाही पडली. त्यानं दुकान सांगतलं होतं, पंधरा दिवसांनी या म्हणे. मी अन् गोपिका गेलो, पायी पायी. तं दुकानात एक पोरगी होती. दोन वेण्या, लाल रिबिनी. पुस्तक वाचत बसली होती. मान वर न करताच म्हणे, काच फुटली. गोपिका म्हणे, पाह्य ना वं नीट. तं म्हणे, फुटली म्हटलं ना."

बाजारात केवढा तरी आवाज होता. मला आईचं बोलणं आठवलं, आतल्या दारातून, दसऱ्यानंतर केव्हा तरी. विहिरीवरच्या त्या काचेचं कोणी आलं तर फुटली म्हणून सांग. मी सांगितलं होतं, आणि पान उलटलं होतं. वडील बाहेरच्या कामाला गेले होते. ते आल्यावर मी काही बोलले नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. नाव नाही, पत्ता नाही, बायका येतील म्हणून ते वाट पाहत राहिले. त्यांनी फोटो अडवला नव्हता. त्यांच्याविषयीची माझी शंका संपली होती, आणि त्यानं जितकं हलकं वाटायला हवं होतं तितकं वाटलं नाही.

"ती मुलगी मी होते," मी म्हटलं. "काच फुटली नव्हती. आईनं सांगायला लावलं, पण बोलले मीच."

भागीरथाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. केसांकडे पाहिलं, वेण्या शोधल्यासारखं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. त्यांनी त्याला दोन पायल्या तांदूळ मोजून दिला, पायली नीट सपाट करून, घाई न करता. तो गेल्यावर त्या म्हणाल्या, "काहून सांगतलं असन तुह्या मायनं?"

मी दसऱ्याच्या पूजेचं सांगितलं. कॅमेऱ्यावरची माळ काढली म्हणून तिला राग आला होता, हे खरं. पण तेवढंच होतं का, हे मला आता सांगता येणार नाही, असंही सांगितलं. त्यांनी मान हलवली. ते त्यांना सांगण्याची गरज नव्हती.

"गोपिका माही लहान बहीण," त्या म्हणाल्या. "पुढच्याच साली गेली, बाळंतपणात. तिची अंजना कुहीले असते, आता तिलेच लेकरू आहे. लहानपणी मले रोज इचारे, मावशी, माय कशी दिसे वं? मी सांगो, तुह्यासारखीच. खरं सांगतो, मलेही धड आठवत नव्हतं. लेकराचं मन राखाले म्हणत होतो."

त्यांनी फोटोतल्या गोपिकेवरून अंगठा फिरवला. पदरानं अर्धा चेहरा झाकला होता, पण डोळे आणि कपाळ स्पष्ट होतं.

"खोटं नव्हतं म्हणजे," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मग त्यांनी फोटो माझ्याकडे परत केला. मला वाटलं रागानं. मी म्हटलं, तुमचाच आहे, ठेवा.

"मी नाही घेत. तू सोता जाऊन दे तिले. अन् मले जे सांगतलं थे तिलेही सांग. माह्या तोंडून काहून?"

मी हो म्हटलं. कुहीची गाडी कुठून सुटते ते मी विचारलं. त्यांनी पोतं सरकवून मला बसायला जागा केली आणि रविवारी सकाळची कोणती गाडी धरायची, कुठे उतरायचं, शाळेवरून कसं वळायचं, सगळं दोनदा सांगितलं. तिथे गेल्यावर अंजनाचं घर कोणाला विचारू, असं मी म्हटलं.

"कोणाले इचारू नको. फोटो हातात धरून चाल. लोकच दाखवतीन तुले, तोंड तेच आहे."